‘यलोबिअर्ड’ : सात सुगरणी आणि अळणी भाजी

यशस्वी कृतींचें कौतुक करावयास सारें जग पुढें येतें. फसलेल्या कृतीकडे मात्र कोणी वळूनहि पाहात नाहीं. परंतु संसारांत काय आणि कलेंत काय, शिकण्यासारखें जें असतें तें यशापेक्षां अपयशांतच अधिक असतें, असा आमचा अनुभव आहे. यश पदरीं पडलें म्हणजे त्याचीं कारणें शोधण्याची कोणास गरज वाटत नाहीं. अपयश आलें म्हणजे मात्र एकेक सांधा उकलून पाहावा लागतो. म्हणून आज आम्ही वाचकांपुढें एका फसलेल्या इंग्रजी विनोदी चित्रपटाची हकीकत मांडणार आहों. तीत हंसण्यासारखें थोडें आणि विचार करण्यासारखें पुष्कळ आहे.

निमित्त घरगुतीच झालें. गेल्या सुटींत आमच्या पुतण्यानें सर्व मंडळीस एकत्र बसवून १९८३ सालचा ‘यलोबिअर्ड’ नांवाचा चित्रपट घरच्या पडद्यावर लाविला. यलोबिअर्ड म्हणजे पिवळ्या दाढीवाला. विषय समुद्रावरील चांच्यांचा. आरंभीं नटांचीं नांवें झळकूं लागलीं तसा पुतण्याचा उत्साह वाढूं लागला. कारण त्यांतील निम्मींअधिक नांवें इंग्रजी विनोदाच्या इतिहासांत आदरानें घेतलीं जातात. परंतु अर्धा तास लोटला, एक तास लोटला, तरी घरांत हंसूं म्हणून कांहीं उमटेना. मध्यें मध्यें विनोद इतका ग्राम्य होऊं लागला कीं, पुतण्यानें वडील मंडळीकडे चोरून पाहात तीन-चार वेळां घाईघाईनें चित्र पुढें ढकललें. चित्रपट संपला तेव्हां तो ओशाळून म्हणाला, “काका, एवढे मोठे मोठे नट एका ठिकाणीं असून हें असें कसें झालें?” आम्हीं सवयीप्रमाणें ‘सात सुगरणी आणि भाजी अळणी’ ही म्हण त्याच्या तोंडावर फेंकली. परंतु कोपऱ्यांत वाती वळीत बसलेल्या आमच्या आत्याबाईंनीं मान वर न करतांच विचारलें, “अरे, सुगरणी होत्या हें खरें, पण त्या घरांत कर्ता कोण होता?”

या प्रश्नाला त्या वेळीं आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें आम्हीं या चित्रपटाची जन्मकथा मुद्दाम वाचून काढिली, तेव्हां आत्याबाईंनीं नेमकें वर्मावर बोट ठेविलें होतें असें आमच्या ध्यानांत आलें.

प्रथम कथानक थोडक्यांत सांगतों. यलोबिअर्ड हा एक अत्यंत क्रूर चांचा. स्पॅनिश लोकांनीं लुटून आणिलेली संपत्ति त्यांच्याकडून पुन्हां लुटून यानें एका बेटावर पुरून ठेविली आहे. इतके खून आणि दरोडे पचविलेला हा इसम सरकारच्या हातीं सांपडतो तो कर चुकविल्याच्या आरोपावरून! त्याला तुरुंगांत टाकितात. परंतु खजिन्याचा ठावठिकाणा तो कोणास सांगत नाहीं. शिक्षा संपत आली असतां ती मुद्दाम वाढविली जाते. हेतु हा कीं, त्यानें चिडून पळून जावें, आणि मग त्याच्या मागोमाग खजिन्यापर्यंत पोंचतां यावें. खजिन्याचा नकाशा कोठें असावा, तर त्याच्या मुलाच्या डोक्यावर! तो तान्हा असतांनाच आईनें त्याच्या टाळूवर तो गोंदवून घेतलेला असतो, आणि आतां त्यावर दाट केंस उगवलेले आहेत. हा मुलगा वाढला आहे एका सभ्य उमरावाच्या घरीं. तो विद्याव्यासंगी व सौम्य स्वभावाचा निघाल्याचें पाहून बापास मोठा खेद होतो. मग बाप, मुलगा, जुने दगलबाज सोबती आणि सरकारी हेर असे सर्वजण एकामागून एक समुद्रावर निघतात.

कल्पना वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी १८८३ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून नकाशा, पुरलेलें धन, लंगडा चांचा आणि खांद्यावरचा पोपट हीं इंग्रजी मुलांच्या मनांत घर करून बसलीं आहेत. बरोबर शंभर वर्षांनीं त्या साऱ्या साहित्याची थट्टा करावी, हें योग्यच होतें. त्या कादंबरींतील पीऊ नांवाचा आंधळा भिकारीहि या चित्रपटांत अवतरला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं ‘ब्लॅकबिअर्ड’ म्हणजे काळ्या दाढीवाला या नांवानें कुप्रसिद्ध झालेला एक खराखुरा चांचा होता. तो १७१८ सालीं मारला गेला. त्याच्याच नांवावरून येथें काळ्याचें पिवळें केलें आहे.

ही कल्पना ज्याच्या डोक्यांतून निघाली तो नट नव्हता, लेखकहि नव्हता. तो होता ‘द हू’ या प्रसिद्ध इंग्रजी वाद्यवृंदांतील ढोलकरी कीथ मून. तालावर त्याची हुकमत विलक्षण, आणि वागणूक तितकीच बेताल. हॉटेलांतील सामानाची मोडतोड करणें, सोंगें घेऊन हिंडणें, दारूच्या धुंदींत रात्रीचा दिवस करणें यांबद्दल त्याची मोठी ख्याति होती. चांच्याचें सोंग तर त्याला फार प्रिय. चांच्यांवर एक धमाल चित्रपट काढावा आणि त्यांत आपण काम करावें, असें त्यानें आपला मित्र ग्रॅहम चॅपमन याच्या मनांत भरविलें. ही गोष्ट १९७० नंतरच्या दशकांतली.

चॅपमन हा मनुष्य मोठा चमत्कारिक होता. त्याचा जन्म १९४१ चा. केंब्रिजमध्यें व पुढें लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत त्यानें वैद्यकाचें शिक्षण घेतलें होतें आणि तो रीतसर डॉक्टर झालेला होता. परंतु त्याचें मन रमलें विनोदी लेखनांत. १९६९ च्या ऑक्टोबरांत बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘मॉन्टी पायथन’ या कार्यक्रमानें इंग्रजी विनोदाचें वळणच बदलून टाकिलें. त्याच्या सहा कर्त्यांपैकीं चॅपमन हा एक. उंच, गंभीर चेहऱ्याचा, तोंडांतून पाईप न सोडणारा हा डॉक्टर स्वतः मात्र असाध्य रोगी होता. त्याचा रोग मद्यपानाचा. १९७४ सालीं स्कॉटलंडांत त्यांच्या एका चित्रपटाचें चित्रण चाललें असतां हा राजा आर्थरच्या वेषांत उभा आहे आणि दारूच्या अभावीं त्याचे हात थरथरत आहेत, संवाद आठवत नाहींत, असा प्रसंग त्याच्या सोबत्यांनीं पाहिलेला होता.

१९७७ च्या अखेरीस चॅपमननें दारू सोडिली, आणि मरेपर्यंत तिला पुन्हां स्पर्श केला नाहीं. ज्यानें हें व्यसन जवळून पाहिलें असेल त्यालाच या एका वाक्याचें वजन कळेल. मूनलाहि त्या मार्गानें यावयाचें होतें. त्याच सुमारास चॅपमन एक चित्रपट काढीत होता. त्यांत एक महत्त्वाचें काम मूनला द्यावें असें त्याच्या मनांत होतें, परंतु तें जुळलें नाहीं. ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या पुढील चित्रपटांत तरी त्याच्यासाठीं एक लहानशी भूमिका ठेवावी असें ठरलें. त्याचें चित्रण सुरू होण्यास थोडे दिवस असतांना, ७ सप्टेंबर १९७८ रोजीं, मून आपल्या बिछान्यांत मरण पावलेला आढळला. वय अवघें ३२. दैवाचा खेळ असा कीं, त्याचा प्राण दारूनें घेतला नाहीं. दारू सोडतांना होणारा त्रास कमी व्हावा म्हणून ज्या गोळ्या त्याला दिलेल्या होत्या, त्या त्यानें एकाच वेळीं ३२ घेतल्या होत्या. जें औषध त्याला व्यसनांतून सोडविण्यासाठीं होतें, त्यानेंच त्याला संसारांतून सोडविलें.

डॉक्टर असलेल्या आणि नुकताच त्याच खाईंतून वर आलेल्या चॅपमनला या मृत्यूनें काय वाटलें असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी. चांच्यांचा चित्रपट हा त्याच्या दृष्टीनें येथून पुढें केवळ धंद्याचा विषय राहिला नसावा. गेलेल्या मित्राची एक राहिलेली इच्छा असें त्याला रूप आलें, असें आम्हांस वाटतें. ‘यलोबिअर्ड’मध्यें नायकाच्या दगलबाज सोबत्याचें नांव ‘मून’ असें आहे, तें वाचून आमच्या मनांत थोडी कालवाकालव झाल्याशिवाय राहिली नाहीं.

येथें क्षणभर थांबून त्या दुसऱ्या चित्रपटाकडे पाहिलें पाहिजे. कारण तुलनेवांचून परीक्षा होत नाहीं. ‘लाइफ ऑफ ब्रायन’लाहि अडचणी थोड्या आल्या नाहींत. पैसे देऊं केलेल्या कंपनीनें ऐन वेळीं संहिता वाचून अंग काढून घेतलें. तेव्हां ‘बीटल्स’पैकीं जॉर्ज हॅरिसन हा पुढें आला, केवळ तो चित्रपट पाहण्याची आपली हौस पुरी व्हावी म्हणून त्यानें स्वतःच्या मिळकती गहाण टाकून भांडवल उभें केलें. चित्रण ट्युनिशियाच्या उन्हांत झालें. चॅपमन त्यांत नायक होता. शुद्धीवर, तयारींत, आणि फुरसतीच्या वेळीं तोच मंडळीची नाडी पाहून औषध देत असे. हा चित्रपट १९७९ सालीं आला आणि आजहि तो उत्तम विनोदी चित्रपटांत गणला जातो. फरक कशांत होता? त्या सहाजणांनीं संहिता स्वतः लिहिली, एकमेकांवर निर्दयपणें टीका करून ती पुनः पुनः घासली, मुख्य कामें स्वतः केलीं, आणि त्यांच्यापैकींच टेरी जोन्स हा दिग्दर्शक होता. म्हणजे घर भांडखोर होतें, पण चूल एक होती.

‘यलोबिअर्ड’ची गोष्ट नेमकी याच्या उलट. प्रथम लेखकच पाहा. चॅपमन, त्याचा जुना सहलेखक बर्नार्ड मॅकेना आणि पीटर कुक असे तीन लेखक. यांपैकीं कुक हा तर विनोदी प्रतिभेचा झराच. चॅपमनच्या पिढीनें ज्याला गुरुस्थानीं मानिलें असा. परंतु त्याच्याहि आयुष्यांत दारूनें असेंच ठाण मांडलेलें होतें. प्रत्येकाची थट्टेची तऱ्हा निराळी. मसुद्यावर मसुदे होत गेले. प्रत्येकानें आपापली फोडणी दिली. आणि जी कथा एका मनानें एका दिशेनें वाहावयास हवी होती, ती चुटक्यांची माळ होऊन बसली.

मग नायकाच्या मुलाची भूमिका. तिच्यासाठीं प्रथम ठरलेला अ‍ॅडम अँट हा लोकप्रिय इंग्रज गायक चित्रपटास विलंब होऊं लागतांच निघून गेला. त्यानंतर स्टिंग या दुसऱ्या गायकाचें नांव निघालें. चॅपमनला तो हवा होता. परंतु चित्रपटांत आधींच इंग्रज फार झाले आहेत, अमेरिकन प्रेक्षकांस आपला वाटेल असा कोणी घ्या, असा निर्मात्यांचा आग्रह पडला आणि मार्टिन ह्यूइट या अमेरिकन तरुणाची निवड झाली. दिग्दर्शनाचें काम मेल डॅम्स्की याच्याकडे गेलें. हा दूरचित्रवाणीवरील मालिकांत नांव मिळविलेला अमेरिकन. चित्रपटगृहांसाठीं पूर्ण लांबीचा चित्रपट करण्याची त्याची ही पहिलीच वेळ. ज्या तऱ्हेवाईक इंग्रजी विनोदांत चॅपमन वाढला, तो या दिग्दर्शकाचा मायघरचा विनोद नव्हता. यांत त्या बिचाऱ्याचा दोष तो काय? नव्या सुनेला पहिल्याच दिवशीं शंभर पानांची पंगत सांगावी, तसा हा प्रकार झाला.

आणि ती पंगत तरी केवढी! चॅपमनच्या शब्दाखातर त्याचे जुने सोबती जॉन क्लीज आणि एरिक आयडल आले. क्लीजला संहिता मुळींच पसंत नव्हती. मित्रासाठीं म्हणूनच त्यानें आंधळ्या भिकाऱ्याचें लहानसें काम पत्करिलें. १९७४ च्या ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ या गाजलेल्या अमेरिकन विनोदी चित्रपटांतील पीटर बॉइल, मॅडलिन कान, केनेथ मार्स आणि मार्टी फेल्डमन हीं चौघें आलीं. त्याचा संगीतकार जॉन मॉरिस हाहि आला. अमेरिकेंतील तरुणांची आवडती चीच व चाँग ही जोडी स्पॅनिश लोकांच्या वेषांत आली. जेम्स मेसन आणि मायकेल हॉर्डर्न यांच्यासारखे भारदस्त नट आले. स्पाइक मिलिगन हाहि एका क्षुल्लक भूमिकेंत दिसतो. आमच्या वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल कीं, हा मिलिगन १९१८ सालीं आपल्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एका लष्करी कुटुंबांत जन्मला आणि त्याचें बालपण बरेंचसें पुण्यास गेलें. पुढें त्याच्या आकाशवाणीवरील विनोदानेंच पायथन मंडळीस वाट दाखविली.

इतकी मंडळी जमल्यावर प्रत्येकाला कांहीं तरी करावयास दिलें पाहिजे, हें ओघानेंच आलें. आपल्याकडे लग्नघरीं ज्याप्रमाणें सर्व मानकऱ्यांस अक्षता लावतां लावतां मुहूर्त टळून जातो, त्याप्रमाणें येथें प्रत्येक पाहुण्या नटाचा मान राखतां राखतां कथा मागें पडली. कोणी येतो, एक चुटका करतो, निघून जातो; तो कोण, कशासाठीं आला, हें कळण्याच्या आंत दुसरा येतो.

१९८२ सालीं चित्रण सुरू झालें तें कांहीं इंग्लंडांत व कांहीं मेक्सिकोंत. समुद्रावरील चित्रण हें चित्रपटवाल्यांच्या धंद्यांत सर्वांत खडतर समजलें जातें, आणि त्याचीं कारणेंहि उघड आहेत. जमिनीवर नट उभा केला तर तो उभा राहतो. जहाज उभें राहात नाहीं. सकाळीं घेतलेल्या दृश्यांत सूर्य डाव्या अंगास, तर दुपारीं घेतलेल्या त्याच दृश्यांत उजव्या अंगास येतो. तीं दोन दृश्यें एकापुढें एक जोडलीं म्हणजे जहाजानें मध्येंच गिरकी घेतल्यासारखें दिसतें. वारा फिरला कीं शिडें फिरवावीं लागतात. क्षितिजावर एखादी आगबोट दिसली कीं अठरावें शतक क्षणांत नाहींसें होतें. नट बोट लागून आडवे पडतात, खोट्या दाढ्यांचा डिंक घामानें सुटतो, आणि खर्चाचा आंकडा मात्र भरतीच्या पाण्यासारखा चढत जातो. विनोदी चित्रपटाला तर हें विशेष घातक. कारण हंसूं हें वेळेच्या एका केंसावर अवलंबून असतें, आणि समुद्र कोणाची वेळ पाळीत नाहीं.

या चित्रपटांतील जहाजाचीहि एक कथा आहे. ‘बाउंटी’ या ऐतिहासिक जहाजाची ही प्रतिकृति. १९६२ सालीं प्रदर्शित झालेल्या एका भव्य चित्रपटासाठीं कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत १९६० सालीं ती मुद्दाम बांधण्यांत आली होती. एका गंभीर चित्रपटासाठीं जन्मलेलें हें जहाज वीस वर्षांनीं या विनोदी चांच्यांच्या पदरीं आलें. त्याच सुमारास डेव्हिड बोवी हा जगप्रसिद्ध गायक विश्रांतीसाठीं मेक्सिकोंत आला होता. त्यालाहि मंडळीनें आग्रह करून पाठीवर शार्क माशाचा पर बांधून क्षणभर पडद्यावर आणिलें. अशा गोष्टी ऐकिल्या म्हणजे मंडळी आनंदांत होती असें वाटतें, आणि ती असेलहि. परंतु करणाराला आनंद झाला म्हणजे पाहणाराला होतोच, असें नाहीं. आमच्या पाहण्यांतील किती तरी हौशी नाटकें तालमींत पोट धरधरून हंसवीत, आणि प्रयोगांत मात्र प्रेक्षक जांभया देत!

आतां या हकीकतींतील सर्वांत दुःखाचा भाग सांगावयाचा आहे. मार्टी फेल्डमन हा बटबटीत, दोन दिशांस पाहणाऱ्या डोळ्यांचा नट ज्यानें एकदां पाहिला तो त्यास विसरत नाहीं. ते डोळे जन्मतः तसे नव्हते. कंठग्रंथीच्या विकारामुळें ते तसे झाले होते. ज्या व्यंगामुळें दुसरा एखादा घराबाहेर पडला नसता, त्याच व्यंगाचें त्यानें भांडवल केलें. चॅपमनचा आणि त्याचा स्नेह जुना. १९६७ सालीं दूरचित्रवाणीवरील एका विनोदी कार्यक्रमांत दोघांनीं क्लीजच्या बरोबरीनें काम केलें होतें. पुढें फेल्डमन अमेरिकेस गेला, कीर्ति मिळविली, स्वतः चित्रपट दिग्दर्शिले. परंतु १९७७ सालच्या त्याच्या पहिल्या चित्रपटाला कंपनीनें आपल्या मर्जीप्रमाणें कात्री लाविली, आणि १९८० सालचा दुसरा साफ पडला. हॉलिवूडनें पाठ फिरविल्यावर ‘यलोबिअर्ड’ म्हणजे त्याला पुन्हां आपल्या माणसांत परत येण्यासारखें होतें.

फेल्डमन शाकाहारी होता. परंतु सिगारेट आणि कॉफी यांना त्याच्या दिनक्रमांत सुमार नव्हता. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेंत दुबळ्या हृदयावर भार अधिक पडतो. २ डिसेंबर १९८२ रोजीं, चित्रण जवळजवळ संपत आलें असतां, तेथील एका हॉटेलांत हृदयविकाराच्या झटक्यानें त्याचा अंत झाला. वय ४८ वर्षांचें. त्याचे शेवटचे प्रसंग घ्यावयाचे राहिले होते. ते बदली मनुष्य उभा करून पुरे करण्यांत आले. अमेरिकेंत त्याला ज्या दफनभूमींत पुरलें, तेथेंच जवळ मूकपटांतील थोर विनोदी नट बस्टर कीटन याची समाधि आहे. फेल्डमन त्याला आपलें दैवत मानीत असे.

एका मित्राच्या मृत्यूच्या आठवणींत वाढलेला चित्रपट दुसऱ्या मित्राच्या मृत्यूनें पुरा झाला. आम्ही घरीं तो पाहिला तेव्हां हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आतां ठाऊक झाल्यावर तीं डोळ्यांचीं विनोदी दृश्यें पुन्हां पाहवत नाहींत.

चित्रपट १९८३ च्या जूनमध्यें अमेरिकेंत प्रदर्शित झाला. टीकाकारांनीं बहुतेक झोडपलेंच, आणि प्रेक्षकांनींहि पाठ फिरविली. चॅपमनला तो पाहून समाधान झालें नाहीं. ज्यानें कथा लिहिली, ज्यानें नायकाचें काम केलें, ज्याच्या शब्दाखातर निम्मी मंडळी जमली, त्याच्या हातीं संकलनाची कात्री नव्हती. काय ठेवावयाचें आणि काय गाळावयाचें, हें दुसऱ्यांनीं ठरविलें. विनोदांत काय ठेवलें यापेक्षां काय गाळलें यालाच महत्त्व अधिक. चॅपमनच्या मनांतील ‘यलोबिअर्ड’ जगानें पाहिला नाहीं. त्याच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं संहिता पुस्तकरूपानें निघाली, तेवढ्यावरच जिज्ञासूंस समाधान मानावें लागतें.

आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. या घरांत कर्ता कोण होता? लेखक म्हणावे तर ते तीन. दिग्दर्शक म्हणावा तर तो नवखा. निर्मात्यांचें लक्ष अमेरिकेच्या बाजाराकडे. आणि चॅपमन हा सर्वांचा मित्र, म्हणून कोणाचाच अधिकारी नव्हे. आमच्या मतें खरी मेख येथें आहे. ज्यानें पाहुणे स्नेहानें बोलाविले, तो त्यांना ‘तुमचा हा प्रसंग रंगत नाहीं, गाळा’ असें कोणत्या तोंडानें सांगणार? क्लीजला संहितेंतले दोष दिसत होते. परंतु तोहि येथें घरचा राहिला नव्हता, पाहुणा झाला होता, आणि पाहुण्यानें भाजीला नांवें ठेवूं नयेत अशी सर्वत्र रीत आहे. पूर्वीच्या चित्रपटांच्या वेळीं हेच लोक एकमेकांचें वाक्य न् वाक्य फाडीत बसत; तेव्हां ते भांडत होते म्हणून चित्रपट चांगले होत होते. येथें सर्वजण सौजन्यानें वागले, आणि चित्रपट बुडाला!

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. दहा कर्तबगार माणसें एका छपराखालीं राहिलीं म्हणजे घर होत नाहीं. कोणी तरी एकानें ‘नाहीं’ म्हणण्याचा वाईटपणा पत्करावा लागतो, आणि बाकीच्यांनीं तो वाईटपणा त्याच्या पदरीं न बांधतां त्याचें ऐकावें लागतें. केवळ प्रेमानें कार्य सिद्धीस जातें हा समज गोड आहे, पण खरा नाहीं. प्रेमाला स्पष्टोक्तीची जोड नसेल तर तें माणसांस जमवितें, काम करवून घेत नाहीं.

परंतु येथेंच लेखणी ठेविली तर चॅपमनवर अन्याय होईल. त्यानें केलेला हिशेब व्यवहाराचा नव्हता. दारू सोडलेल्या माणसाला रोज सकाळीं उठून नव्यानें जगावयाचें असतें. जुन्या मित्राची हौस हा त्याच्या दृष्टीनें त्या जगण्याचा एक भाग असेल. हे मित्र आले ते मानधनाच्या लोभानेंच आले असें नाहीं. कित्येक त्याच्याखातर आले. चित्रपट बुडतो, स्नेह बुडत नाहीं.

त्याचा प्रत्यय पुढें सहा वर्षांनीं आला. ४ ऑक्टोबर १९८९ रोजीं, ‘मॉन्टी पायथन’ला वीस वर्षें पुरीं होण्याच्या आदल्या दिवशीं, चॅपमन कर्करोगानें वारला. तोहि ४८ वर्षांचाच होता. त्या डिसेंबरांत, ज्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत तो वैद्यक शिकला होता तेथल्याच भव्य दालनांत, त्याचे मित्र त्याच्या स्मरणार्थ जमले. क्लीजनें भाषण केलें. रडक्या स्तुतीनें चॅपमनचा अपमान होईल, असें जाणून त्यानें चॅपमनला शोभेल अशी उद्धट थट्टा भर शोकसभेंत केली, आणि सारें दालन डोळे पुसत पुसत हंसलें. ‘यलोबिअर्ड’च्या वेळीं जें हंसूं कोट्यवधि रुपयांचा खर्च करूनहि निघालें नाहीं, तें येथें कांहीं खर्च न करतां निघालें. कारण येथें आपण कोणासाठीं बोलतों आहों, हें प्रत्येकास पक्कें ठाऊक होतें.

आणि तें जहाज? ‘बाउंटी’ पुढेंहि चांच्यांच्या चित्रपटांत कामें करीत राहिलें. २००६ सालच्या एका अतिशय यशस्वी चित्रपटांतहि तें दिसतें. शेवटीं २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ ‘सँडी’ नांवाच्या वादळांत तें बुडालें. जहाजावरील १६ जणांपैकीं १४ वांचले. एक स्त्री खलाशी मृत्युमुखीं पडली, आणि कप्तान हातीं लागलाच नाहीं.

ही सारी हकीकत आम्हीं एके संध्याकाळीं घरांत वाचून दाखविली. पुतण्या बराच वेळ गप्प बसला. आत्याबाईंच्या वाती पुऱ्या होत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बिघडलेलं नाटक होतं, माणसं नव्हती बिघडलेली. परत एकदां लाव रे तो सिनेमा. त्या डोळेवाल्याला नीट पाहीन म्हणतें.”

पुतण्यानें तो पुन्हां लाविला. या खेपेसहि हंसूं फारसें आलें नाहीं. परंतु कोणीहि उठून गेलें नाहीं.